बेसच्या डोळ्यांतली चरबी

"बेस रडतोय! अगं, बेस रडतोय!"

एवढी ओरड पुरली. थीब्ज शहराच्या नदीपल्याडची आमची सगळी कारागीरवस्ती माझ्या खोलीत घुसली.

माझ्या पलंगाच्या पायथ्याशी हस्तिदंती बेस आहे. जीभ बाहेर काढलेला, बाळंतिणीचा राखणदार देव. पलंग माझ्या बाबांनी घडवलेला. त्या बेसच्या कोरीव डोळ्यांतून खरंच थेंब ओघळत होते.

पाशेद मांत्रिक डोलत होता. "मेरुत आलीय! हिची मेलेली सवत! तिला हा पलंग सोसवत नाही. पलंग माझ्याकडे द्या, हिला माहेरी धाडा. नाहीतर पोर जगायचं नाही!"

माझे दिवस भरलेले. माहेर नदीपलीकडे आणि नदीला पूर. नवरा, खावी, खाली मान घालून उभा.

सासूबाई रडू लागल्या. "हेनुत, ऐक गं. मेलेल्यांशी वैर नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेरुतच्या थडग्यावर दर सणाला भाकरी आणि बिअर मीच ठेवते. ती बिचारी माझ्या बाळावर का उठेल?

तेवढ्यात आमची मांजर पलंगावर चढली आणि देवाचे अश्रू चाटू लागली. चक्क मिटक्या मारत!

"हाकला तिला!" पाशेद किंचाळला.

"थांबा." मी बोटावर थेंब घेतला, हुंगला. बदकाची चरबी! सकाळी सगळ्यांना बाहेर काढून यानंच बेसच्या डोळ्यांना 'मंत्र लावला' होता. मग धुपाची शेगडी नेमकी त्याच्याखाली ठेवली होती.

मी चुलीजवळचं चरबीचं मडकं आणलं. पाशेदच्या हातातली काठी हिसकावली. तिची मूठ हस्तिदंती नागाची. नागाच्या डोळ्यांत चरबी भरली, मूठ शेगडीवर धरली. थोड्या वेळात नागही ढळाढळा रडू लागला.

"काय हो महाराज, तुमच्या काठीत कुणाची सवत शिरली?"

सगळी खोली खदखदून हसली.

"भोगशील!" पाशेद दरवाज्याकडे सरकत म्हणाला.

"भोगीन. पण हा पलंग हलणार नाही, आणि मीही नाही!"

तेव्हा कुठे खावीनं मान वर केली. शेगडी उचलून रस्त्यावर ठेवली. बेसचं रडणं थांबलं.

पूर ओसरायच्या आत मी त्याच खोलीत बाळंत झाले. मुलगी झाली. तिचं नाव मेरुत ठेवलं. पाशेदनं त्या नावाला फासलेलं काळं मला पुसायचं होतं.

बायांनो, देव रडताना दिसला तर खुशाल हात जोडा. पण आधी त्याच्याखालची शेगडी बाजूला करून बघा.