नानांनी घेतलेली पोत

"चारच मिनिटं शेत आते," नाना म्हणाले. "बोली लावू का?"

मोबाइलच्या पडद्यावर लाल आकडे उलटे पळत होते. त्यांच्या वर एका मंगळपोतीचा फोटो होता, काळ्या मण्यांत सोन्याचे मणी आणि मधे छोटं पदक. नानांचं बोट पडद्यापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं.

"नको," मी म्हणाले. "ते घड्याळ कोणी लावलंय, नाना? विकणाऱ्यानं. आपल्याला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून."

"तू मास्तरीण शे. तुले सगळं माहीत."

त्यांनी बोट मागे घेतलं. आकडे शून्यावर आले आणि पोत दुसऱ्या कोणाची तरी झाली. "गयी," नाना म्हणाले, आणि चहाचा कप उचलला. दर रविवारी मी माहेरी उधन्याला आले, की आमचं हेच चाले.

नाना, म्हणजे माझे वडील सुकदेव, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर एकतीस वर्षं होते. ते निवृत्त झाले तेव्हा मीच त्यांना हा मोबाइल घेऊन दिला. कोणी तरी त्यांना त्यावर दागिन्यांचे लिलाव दाखवले आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट बसली. मी पीटीसीला, म्हणजे मास्तरीण व्हायच्या कोर्सला, जाणार होते त्या वर्षी फीसाठी मायनं तिची मंगळपोत मोडली होती. तेव्हापासून ती नुसत्या काळ्या मण्यांवर होती. नानांना ती पोत परत आणायची होती. सराफाकडे जावं तर मजुरी जास्त, लिलावात स्वस्त मिळेल, असा त्यांचा हिशोब होता.

मी त्यांना सगळं शिकवलं होतं. प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी हॉलमार्क नंबर हवा आणि तो सरकारी अ‍ॅपमध्ये घालून बघायचा. पैसे लिलावाच्या अ‍ॅपमधूनच द्यायचे, कोणी फोन करून परस्पर मागितले तर फोन ठेवून द्यायचा. विकणाऱ्याबद्दल आधीच्या गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय ते वाचायचं. बाजारभावापेक्षा फार स्वस्त असेल तर हातच लावायचा नाही. नानांनी ते दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. तीन महिने त्यांनी एकही चूक केली नाही. एकही पोत घेतली नाही.

चौथ्या महिन्यात त्यांना कुंदन नावाच्या माणसाचा फोन आला.

मला हे नंतर समजलं. लिलावात नानांची बोली दुसऱ्या नंबरवर राहिली होती. फोनवरचा माणूस म्हणाला, पहिल्या गिऱ्हाइकानं माघार घेतली आहे, पोत तुम्हाला देतो. फक्त अ‍ॅपचं कमिशन वाचवायचं म्हणून पैसे थेट मला पाठवा. नाना फोन ठेवणारच होते. तेवढ्यात तो अहिराणीत म्हणाला, "बापू, ऱ्हाऊ द्या मंग. तुमना मन नही तं जबरदस्ती नही."

"तू कोठला शे रे भो?" नानांनी विचारलं.

"शिरपूरकडला."

पुढे अर्धा तास ते बोलत होते, असं माय म्हणाली. पोतीबद्दल थोडं आणि तापीच्या पाण्याबद्दल जास्त.

हे कोणाला वेडेपणाचं वाटेल. पण नाना पहिल्यांदा उधना स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी होती आणि कोणाचाच पत्ता नव्हता. पाण्याच्या नळावर ते कोणाशी तरी दोन वाक्यं बोलले. मागून लोटू नावाच्या माणसानं विचारलं, तू कोठला रे भो? त्या रात्री नाना लोटूकाकांच्या खोलीत झोपले आणि तिसऱ्या दिवशी मिलमध्ये लागले. पुढे तीस वर्षं मिलच्या गेटवर ते स्वतः हाच प्रश्न नव्या पोरांना विचारत राहिले. उत्तर ऐकून घेत आणि सुपरवायझरला सांगत, "आपला शे." कोणाकडे कागद नसे, ओळखपत्र नसे. त्यांनी शब्द दिलेला एकही माणूस कधी उचल घेऊन पळाला नाही. मी त्यांना शिकवलेल्या सगळ्या गोष्टी त्यांना माहीत होऊन तीन महिने झाले होते. ही एक गोष्ट त्यांना आयुष्यभर माहीत होती.

त्यांनी पीएफमधले पैसे पाठवले आणि पार्सल खरंच आलं.

रविवारी मी पोचले तेव्हा माय आरशासमोर उभी होती आणि नाना तिच्या मागे, पोतीचा फासा लावत. फासा त्यांच्या जाड बोटांत मावत नव्हता.

"हलू नको ना वं," ते म्हणत होते.

"मी कोठे हलस? तुमलेच फासा दिखस नही."

"देख, गायत्री. पैसा आधी दिधा तरी पोर फसाडना नही. तुना अ‍ॅपले माणूस समजस नही."

मी पोत हातात घेऊन कौतुक केलं. पदकामागे बारीक नंबर कोरलेला होता. तो पाठ करून मी बाहेर ओट्यावर गेले आणि मोबाइलमध्ये घातला. अ‍ॅपनं नंबर ओळखला. दागिन्याचा प्रकार: अंगठी. सराफ: दुसऱ्याच राज्यातला.

माय स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. तिनं मला बोलू दिलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"कसं?"

"हातमा घेताच समजनं." पर्वत पाटियाच्या दुकानांमधून साड्यांचे गठ्ठे आणून ती घरी बसून त्यांवर खडे चिकटवायची, मी शाळेत जायला लागले तेव्हापासून. "वीस वरीस खोटा खडा लावस मी. खरं-खोटं हातले समजस नही का?"

"माय, आत्ताच्या आत्ता तक्रार करायला हवी. एक फोन लावायचा. जितकं लवकर करू तितके पैसे अडवता येतात. उशीर झाला की गेले."

"तक्रार कोण करी? त्यासले सांगनं पडी ना."

"पडेल."

"मंग नको."

"माय, सगळे पैसे जातील."

"जाऊ दे." तिनं भाकरी उलटली. "तो माणूस तीस वरीस गेटवर उभा राहिना. आपला शे, आपला शे, करत. आते त्याले सांगशी, तुले आपलाच माणूस लुटी गया? मंग त्याना हातमा काय राही?"

बाहेर नाना कुंदनला फोन लावत होते, पोत आवडली हे सांगायला. नंबर बंद येत होता. "बदलाया व्हई," ते स्वतःशीच म्हणाले. पुढचा आठवडाभर ते रोज एकदा लावून बघत होते.

तक्रार मी केली नाही. त्या कुंदननं नंतर आणखी कोणाला फसवलं असेल तर त्यात माझा वाटा आहे. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मायनं ती पोत तीन वर्षं घातली. लग्नात, हळदीकुंकवाला, दवाखान्यात. किडन्या गेल्यावर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची तेव्हा सिस्टर म्हणायच्या, मावशी, सोनं घरी ठेवून येत जा. माय म्हणायची, "राहू दे. मालकनी लिधेल शे."

यंदा पौषात, मंगळवारी सकाळी, ती गेली.

आंघोळ घालायला शेजारच्या सरस्वतीकाकू आल्या. त्या आणि माय एकाच चटईवर बसून साड्यांचं काम करायच्या. खोलीचं दार लावलं. मायच्या अंगावर पाणी ओतलं, पोत जरा बाजूला सरली आणि गळ्याभोवती बारीक हिरवी रेघ दिसली. मी ती बोटानं पुसली. पुसली गेली नाही. पुन्हा पुसायला लागले तेव्हा काकूंनी माझा हात धरला.

"हळद आन," त्या म्हणाल्या.

"ही आहे ना एवढी."

"आखो आन."

मी डबाच आणला. सवाष्णीला हळद लावतातच. पण काकूंनी गळ्याला थरावर थर दिला, अगदी सावकाश, रेघ दिसेनाशी होईपर्यंत. मग त्यांनी पोत सरळ केली, पदक मधोमध आणलं, आणि दार उघडलं.

नाना आत आले. त्यांनी तिला कुंकू लावलं. अंगणातून नानांचे मिलमधले सोबती गणपतकाका यांनी विचारलं, "तोंडमा टाकाले सोनं शे का घरमा?"

माझा हात कानाकडे गेला. माझ्या पहिल्या पगारातल्या रिंगा होत्या, त्यांना एक एक मणी होता. मी एका रिंगेचा फिरकीचा आटा सैल केला.

"तुनं राहू दे," नाना म्हणाले. "तिनं सोनं तिना गळामा शे."

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. मी रिंग अर्धवट सोडली. त्या क्षणी तिच्या ओठांत एक खरा मणी ठेवणं माझ्या हातात होतं. एवढंच तिचं देणं मला देता आलं असतं. पण नाना समोर बसले होते, आणि तिनं तीन वर्षं जे जपलं होतं ते मी कोणत्या तोंडानं मोडणार होते?

कात्रीनं मी पोतीचा दोरा कापला आणि एक मणी काढून नानांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला. दोन बोटांनी तिची हनुवटी जरा खाली केली आणि मणी आत ठेवला. घाईत ठेवला तर तिला ठसका लागेल, असं वाटावं इतक्या हळू.

मग बाहेर माणसं खोळंबलेली असतानाही ते तिथेच बसून राहिले. कापलेल्या दोऱ्याची दोन्ही टोकं त्यांनी जुळवली, एकही मणी ओघळू न देता गाठ मारली, गाठ ओढून बघितली. पोत माझ्या हातात दिली.

"कपाटमा ठेव," ते म्हणाले. "आज घरमा बाहेरनी माणसं शेत. सोनं शे, उघडं ठेवू नको."

मी पोत रुमालात बांधली. कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवली, दोनदा किल्ली फिरवली, आणि किल्ली नानांच्या हातात दिली.