नाअसाचा खुंटा

शकाला जाळ्यातून सोडवायची तर आधी तिचे पुढचे हात मोडावे लागतात. दिसायला ती कोळंबीची थोरली बहीण. पण हात दुमडलेल्या चाकूसारखे, आतून काटे. मोडले नाहीत तर अंगठा फाडते. आम्ही बायका कालव्याच्या काठावर बसून हेच काम करतो. पुरुष जाळी आणतात, आम्ही हात मोडतो.

आमच्यातली नाअसा हात मोडायची नाही. मानेमागून चिमटीत धरायची, एकेक धागा सैल करायची आणि शकाला अख्खी बाहेर काढायची. नवऱ्याच्या, शहाताच्या जाळ्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या जाळ्याला स्वतः लावायची नाही.

"उम्म नवाल, मेंदी पण लाव तिला," आमच्यातली एक तिला चिडवायची. उम्म नवाल म्हणजे नवालची आई.

"लावीन. तुझ्यापेक्षा तिचे हात बरे आहेत."

*

शहाता कालव्यात बुडाला नाही. लोकांना उगाच तसं वाटतं. तो यकृताने गेला, इस्माईलियाच्या सरकारी दवाखान्यात, पिवळा होऊन.

मागे काय राहिलं? बायको. फायद गावात दिलेली मुलगी नवाल. होडी. जाळं. खुंटा.

*

खुंटा म्हणजे सुरूचा दांडा, काठाजवळच्या चिखलात ठोकलेला. ज्याचा खुंटा त्याची जागा. हंगामात एकदा तरी त्याला जाळं बांधलं पाहिजे. नाहीतर जागा मोकळी, कुणीही घ्या.

शहाताची जागा सगळ्यांत चांगली. तिथे कालवा किंचित वळतो आणि भरलेली जहाजं काठाच्या जवळून जातात. मोठं जहाज आलं की आधी काठाचं पाणी ओढून नेतं. गुडघाभर पाणी घोट्यावर येतं. बिळांतल्या शकाला चिखलासकट बाहेर ओढल्या जातात. मग पाणी लाटेने परत येतं, आणि त्या जाळ्यात. म्हणून आम्ही जहाजाचं नाव वाचत नाही, पोट बघतो. पोटाचा लाल पट्टा पाण्याखाली असला तर जहाज भरलेलं. पट्टा वर दिसला की पुरुष थुंकतात.

*

शहाताचा चाळिसावा दिवस झाल्यावर दीर आला, बयूमी. दारातच उभा राहिला.

— जाळं मी लावतो, उम्म नवाल. तू घरी बस.

— कुणाच्या खुंट्याला?

— भावाच्या.

— भाऊ गेला.

— म्हणून तर म्हणतोय.

— मग खुंटा माझा.

— बाईचा खुंटा! उद्या दाढी ठेवशील.

— तुझ्याइतकी तर सहज येईल.

*

ती हाज्ज फरगलीकडे गेली. काठावरची भांडणं तोच मिटवतो, म्हणजे चहा पीत बसतो आणि भांडणारे दमले की बोलतो.

"हाज्ज, बाईने जाळं लावू नये असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. लिहिलं असतं तर खोडता आलं असतं."

"मी लावणार."

त्याने साखर ढवळली. बराच वेळ ढवळली.

"लाव. जाळं भिजलं तर जागा तुझी. पण पुरुषांचे सगळे नियम पाळायचे. बाई म्हणून सवलत मागायची नाही."

"नाही मागणार."

*

आता त्यातला एक नियम.

मादीच्या छातीखाली पांढऱ्या रेघा उमटल्या की ती अंडी घालायला आलेली असते. घातली की ती बिळात जाते, अंड्यांची पिवळी चकती पुढच्या छोट्या हातांत धरते, फिरवत राहते, पुसत राहते. पिल्लं फुटेपर्यंत खात नाही. बाहेर पडत नाही, म्हणून सहसा जाळ्यात सापडत नाही. आमच्याकडे तिला बाळंतीण म्हणतात. बाळंतीण जाळ्यात आली तर सगळा माल पाण्यात परत सोडायचा, खुंटा उपटायचा आणि चंद्र फिरून येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवायची. त्या काळात तिथे दुसऱ्या कुणी खुंटा ठोकायचा नाही.

असा नियम.

*

सकाळच्या काफिल्यात तेलाचं जहाज आलं. लाल पट्टा दिसतच नव्हता. पाणी इतकं ओढलं गेलं की नाअसाची होडी चिखलावर टेकली आणि कलली. आम्ही काठावरून ओरडलो. ती वाकून जाळ्याची दोरी धरून राहिली. मग लाट आली, होडी उचलली, गरकन फिरवली, आणि नाअसा भिजलेल्या कोंबडीसारखी आत बसलेली दिसली, दोरी हातात.

जाळं जड होतं. पुरुषही उठून बघायला आले.

तिने पहिली शकाला उलटी केली. पांढऱ्या रेघा. दुसरी. दुसरीच्या हातात अजून चकती होती. हवा लागताच तिने ती टाकून दिली.

तिसरी.

नाअसाने सगळं सोडलं. नरसुद्धा. अख्ख्या, हात न मोडता. दुपार त्यातच गेली, अंगठे रक्ताळले. मग खुंट्याला मिठी मारून, हलवून हलवून तो उपटला, खांद्यावर घेतला आणि सगळ्या पुरुषांच्या समोरून घरी गेली.

"शाब्बास, वाघीण आहेस," बयूमी म्हणाला.

आमच्यातली एक रडली. बाकीच्यांनी तिला गप्प केलं.

*

चंद्र फिरून आला. नाअसा खुंटा घेऊन गेली. तिच्या खुंट्याच्याच भोकात बयूमीचा खुंटा उभा होता.

*

"खुंटा काढला म्हणजे जागा सोडली," बयूमी म्हणाला.

"बाळंतिणींसाठी काढला!"

"आम्ही फक्त तुला खुंटा नेताना पाहिलं."

नाअसा हाज्जकडे वळली. "तुम्हीच म्हणालात, सगळे नियम पाळ."

हाज्जने खरोखरच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "म्हणालो. पण हा नियम कोण पाळतो आता, पोरी? एवढाली जहाजं यायला लागली, रोजच बाळंतिणी येतात. रोज खुंटे उपटायचे तर खायचं काय?"

"शहाता पाळायचा."

"तो एकटाच पाळायचा. साधा माणूस. अल्ला त्याला जन्नत देवो."

"त्याचा खुंटा उपटलेला असताना कुणी जागा घेतली नाही."

"तो पुरुष होता," हाज्ज म्हणाला. "घेतली असती तर त्याने मारलं असतं."

नाअसाने आमच्याकडे पाहिलं. आमच्या हातांकडे. पुरुषांच्या जाळ्यांतल्या बाळंतिणींचे हात मोडले की बोटांना पिवळा चिकटा लागतो. आम्ही तो राखेने घासून काढतो, पण नखांत राहतो.

मग खुंटा खांद्यावर घेऊन ती निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

फेरीबोटीच्या जुन्या धक्क्यापाशी दगडी काठ आहे. तिथे लाट आपटून परत फिरते, होड्या फुटतात. ती जागा कुणाला नको असते. नाअसाने तिथे खुंटा ठोकला.

"बुडशील तिथे," बयूमी होडीतून ओरडला.

"मग ही जागा पण तुलाच. भोक तयार आहे."

पुरुष हसले. बयूमी पण हसला, थोडा उशिरा.

दुसऱ्या दिवशी धान्याचं जहाज गेलं. तिचं जाळं वर आलं. आम्ही लांबूनच पाहिलं: सगळ्या बाळंतिणी, जाळीभर अंड्यांचा पिवळा चिखल.

ती आमच्यात येऊन बसली. पहिली शकाला उचलली आणि हात मोडले. कट्. दुसरी. कट्. तिचा वेग आमच्यापेक्षा जास्त निघाला. शकालाचं अंग तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कुणी मेंदीचा विषय काढला नाही.

हाज्ज फरगली काठीने टोपलीचा काठ ठोकत म्हणाला, "जाळं भिजलं. जागा पक्की, उम्म नवाल."

"शिकली," बयूमी म्हणाला.

"शिकवायला सगळं गाव होतं," ती म्हणाली. टोपलीवर ओलं पोतं टाकून ती उठली आणि पोर्ट सईदच्या बाजाराला जाणारी पहिली गाडी कोणती, ते विचारत रस्त्याकडे पळाली. मेली की शकालाचं मांस कवचातल्या कवचात पाणी होऊन जातं.