पंचवीस फुटांवरची भिंत

दादा चौथ्यांदा दिव्यांची तक्रार घेऊन आला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"ठिणगे, उजेडच पडत नाही गं," तो दारातूनच म्हणाला. ठिणगी हे नाव मला त्यानंच ठेवलंय, मी सहा वर्षांची असताना, माझ्या स्वभावावरून. आता मी बेचाळीस वर्षांची आहे, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान एकटीनं चालवते, आणि अजूनही येणारंजाणारं गिऱ्हाईक मला ठिणगीताई म्हणतं. सगळी या दादाची कृपा.

"उजेड पडत नाही म्हणजे काय? चार महिन्यांत तीनदा बल्ब बदललेत मी. वायरिंग तपासलं, काचा घासून चकचकीत केल्या. आता काय सूर्य आणून बसवू?"

"सूर्य नको, एलईडी बसव." आणि त्यानं काखेतली दोन खोकी माझ्या टेबलावर ठेवली. मला न विचारता आणलेली! वर कंपनीचं नाव नाही, आत कागद नाही. बाहेर नुसतं एका गाडीचं चित्र, जिच्या डोळ्यांतून दोन भाले निघालेत.

दादा शाळेची व्हॅन चालवतो. अकरा पोरं. थंडीच्या दिवसांत पहिल्या पोराच्या दारात पोचतो तेव्हा बाहेर अजून काळोख असतो, त्यामुळे दिव्यांची तक्रार म्हणजे चैनीची तक्रार नव्हे, हे मलाही कळत होतं. पण मुळात हे काम मला शिकवलं ते त्यानंच. दुकान बाबांचं, दादा माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, तोच आधी या टेबलावर बसायचा. मग म्हणाला, मला चार भिंतींत बसवत नाही, आणि पकड माझ्या हातात देऊन स्टिअरिंगवर जाऊन बसला. त्याच्याइतकं दिव्यांतलं कळणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तोच आता असली खोकी उचलून आणतो म्हटल्यावर राग येणार नाही तर काय?

आमच्या घराण्याची एक खोड आहे. कुणी 'दिसत नाही' म्हटलं, की आम्ही आधी दिव्याकडे बघतो. बाबा तसेच होते, मी तशीच आहे. मागच्याच महिन्यात वहिनी सांगत होती, "तुझ्या भावानं घराचं ऑपरेशन थिएटर करून टाकलंय. स्वयंपाकघरात दोन ट्यूब, मोरीत ट्यूब, पलंगाच्या डोक्याशी ट्यूब! मी डोळ्यांवर पदर घेऊन झोपते." आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. त्या ट्यूब मीच तर नेऊन दिल्या होत्या.

तर कामाला लागले. बंपर उतरवला, जाळी काढली. वरचे दोन बोल्ट, बाजूचा एक, मागचा प्लग ओढला, की गाडीबरोबर कारखान्यातून आलेला दिवा अख्खा हातात येतो. बारा वर्षांचे ते दिवे, पण आतला आरसा अजून लख्ख. मी ते फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले. नव्यांची भोकं जुळेनात. एक भोक सुपारीएवढं इकडं, एक तिकडं. दादा शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होता.

"ऐकलं का," मी म्हटलं, "हे बनवणाऱ्यानं तुझी गाडी स्वप्नात पाहिली असणार."

"तुझी जीभ लावून बघ, भोक रुंद होईल," तो म्हणाला. असा तो. शब्द खाली पडू द्यायचा नाही. मी एक बोलले की त्याचं उत्तर तयारच असतं, आणि लहानपणापासून शेवटचा शब्द कुणाचा यावरून आमची भांडणं व्हायची.

कसेबसे दिवे बसवले. मग खरं काम, दिवे जुळवणं. आमच्या दुकानाची लांबी त्यासाठीच उपयोगी. व्हॅन एका टोकाला उभी करायची, पंचवीस फुटांवर समोरची चुना मारलेली भिंत. शटर खाली ओढलं की भर दुपारी आत अंधार. जमिनीपासून दिव्याची उंची मोजायची आणि भिंतीवर त्याच्या तीन बोटं खाली आडवी रेघ मारायची. दिव्याचा उजेड त्या रेघेपाशी सुरीनं कापल्यासारखा थांबला पाहिजे. खाली प्रकाश, वर काळोख. आणि चालकाच्या जागी चालक बसलेला हवा, कारण त्याच्या वजनानं गाडी जेवढी झुकते तेवढा दिवाही झुकतो. हे सगळं दादाचं शिकवणं. मी बारा वर्षांची असताना त्यानं मला याच भिंतीपाशी उभं करून सांगितलं होतं, "रेघेखालचा उजेड आपला. रेघेवरचा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो चोरीचा."

दादा सीटवर बसला, मी शटर ओढलं. दिवे लागले आणि भिंत अशी पांढरीफेक झाली की माझेच डोळे दिपले. स्क्रू फिरवत फिरवत मी उजेड बरोब्बर रेघेवर आणून बसवला. काम झकास झालं होतं, रागातही मला ते कबूल करावं लागलं.

"बघ," मी ओरडले. "आता रस्त्यावरची मुंगीसुद्धा दिसेल."

"अजून वर घे," तो आतून म्हणाला.

"वर? रेघेवर आहे बरोबर!"

"थोडा वर घे गं. नीट पडत नाही."

"दादा, शुद्धीवर आहेस का? वर घेतला तर समोरून येणारा आंधळा होईल!"

"होऊ दे. तो थांबेल घडीभर. माझ्या गाडीत पोरं असतात."

मला खरंच वाटलं नव्हतं की त्याच्या तोंडून मी असलं काही ऐकेन. ज्यानं मला चोरीचा उजेड म्हणजे काय ते शिकवलं, तो म्हणतो होऊ दे! माझ्या हातात रेघ मारायचा कोळसा होता. मी तरातरा भिंतीपाशी गेले आणि रेघेच्या खाली, भरउजेडात, वीतभर अक्षरांत लिहिलं: गाढव. आणि कमरेवर हात ठेवून वळले, आता काय उत्तर येतंय त्याची वाट बघत.

उत्तर आलं नाही.

"झाली का दुसरी रेघ मारून?" दादा म्हणाला. "मग घे की वर."

मी भिंतीकडे पाहिलं. काळंभोर अक्षर, पांढरी भिंत, दुपारच्या उन्हापेक्षा जास्त उजेड. मी दादाकडे पाहिलं, तर तो काचेवर झुकून, डोळे बारीक करून बघत होता. चेष्टा करत नव्हता. चेष्टा करताना त्याची डावी भुवई वर जाते, ती जागेवर होती.

चार महिने मी बल्ब बदलत होते. चार महिने!

मी जाऊन दिवे बंद केले आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. खाली एका पोराची पेन्सिल पडली होती. तेव्हा मला दुसरी गोष्ट आठवली. दादाच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटसाठी पोरांची मारामारी असते, कारण त्यानं एक खेळ काढलाय, 'समोर काय?' पुढं बसेल त्यानं रस्त्यावरचं सगळं ओरडून सांगायचं. सायकल, कुत्रा, खड्डा, आजोबा. आईबाप खूश, म्हणतात, काका पोरांना किती छान रमवतात.

"दादा," मी म्हटलं, "तो खेळ कधीपासून सुरू केलास?"

तो स्टिअरिंगवरचं सुटलेलं रेक्झिन नखानं दाबत बसला.

"पावसाळ्यापासून," तो शेवटी म्हणाला. "आधी वाटलं काच खराब आहे. मग वाटलं बल्ब. समोरून गाडी आली की सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं होतं गं. दिवसा जमतं. पहाटेचंच जरा."

"पहाटेचंच जरा? अकरा पोरं असतात तुझ्या गाडीत! एखाद्या दिवशी पुढं बसलेल्या पोराला शिंक आली असती तर? खिडकीतून बाहेर बघितलं असतं तर?" मी अशी ओरडत होते की शटरबाहेर लोक थांबले असतील. "मला सांगायचं नाही? मी कोण आहे तुझी?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग?" तो म्हणाला. "एकोणीस वर्षं झाली. व्हॅनशिवाय मी सकाळी उठून काय करायचं, सांग."

आणि मी रडायला लागले. रागानंच म्हणा, पण रडले. त्याच्यावर जेवढा राग, त्याच्या दुप्पट स्वतःवर. दिव्यात दोष सापडला नाही, तेव्हा माणसाकडे बघायला नको होतं का मी? दादानं खिशातला रुमाल काढून दिला. त्याला ग्रीसचा वास येत होता.

"मोतीबिंदू असेल," मी नाक पुसत म्हटलं. "काढतात आता अर्ध्या तासात. बरं होतं."

"आणि नसला तर?"

मी रुमालाची घडी घालत बसले. मग त्यानं किल्ली फिरवून काढली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि दार उघडून उतरला.

"हा झगमगाट काढ आणि जुनेच बसव," तो म्हणाला. "ज्याला दिसतं त्याला ते पुरतात."

मी शटर वर केलं. ऊन आत आलं तसा तो भिंतीपाशी गेला, अगदी नाक टेकेपर्यंत, आणि एकेक अक्षर बोटानं लावत वाचायला लागला. त्यानं मागं न बघता हात पुढं केला. मी कोळसा दिला. त्यानं खाली चाचपडत, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: गाढवाची बहीण.

शाळेला फोन त्यानंच केला, माझ्यासमोर, एकही शब्द न लपवता. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी अकराची मिळाली. पहाटे व्हॅन मी काढली. दादा ऐकेना, 'मुलांना सांगायला मीच हवा' म्हणत मागच्या सीटवर दप्तरांच्या ढिगात बसला.

काळोख होता. जुन्या दिव्यांचा पिवळसर उजेड रस्त्यावर पसरला होता, आणि मला कडेचं गवत, खांब, दगड, सगळं दिसत होतं. पुढच्या सीटवर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, पाठ ताठ, दोन्ही हात डॅशबोर्डवर.

"सायकल!" ती ओरडली. मी व्हॅन आधीच बाजूला घेतली होती.

"खड्डा!" मी वेग आधीच कमी केला होता.

"कुत्रा... अगं, तुला तर आधीच दिसतं सगळं," ती हिरमुसून म्हणाली. "मग मी काय करू?"

मी आरशात पाहिलं तर मागं दादानं मान खाली घातली होती.

"काही नाही करायचं, बाळा," मी म्हटलं. "तू आपली आरामात बस."

तिनं डॅशबोर्डवरचे हात काढले, मागं टेकली, आणि पुढच्या वळणाच्या आत झोपून गेली.