ओरवीतले न तुटणारे वाक्य

हेमंत सरांचे दोन अंदाज चुकले होते. तिसरा चुकला तर त्यांचे तोंड बंद होणार होते. हा नियम 'अश्मपूर वाचक कट्टा' या व्हॉट्सअॅप गटाचा होता आणि तो गटाचा प्रमुख मुकेश याने केला होता. मुकेश जव्हारच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होता. कोणी तरी उठून दर तासाला नवा तर्क टाकू लागल्यावर वैतागून त्याने जाहीर केले होते, की ज्याचे तीन अंदाज पुढच्या खंडाने खोटे ठरवले, त्याने यापुढे फक्त वाचायचे, लिहायचे नाही.

'अश्मपूर' ही पाच खंडांची अद्भुत कादंबरी होती. तिच्यात खडकात राहणारी माणसे होती, त्यांची विलक्षण यंत्रे होती आणि लेखिकेने स्वतः रचलेली ओरवी नावाची भाषा होती. चार खंड निघाले होते. नाशिकपासून सांगलीपर्यंतचे वाचक कट्ट्यावर त्यांचा कीस पाडत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकवून निवृत्त झालेले हेमंत सर त्यांत वयाने सर्वांत मोठे. पत्नी गेल्यानंतर आणि मुलगी बडोद्याला गेल्यानंतर सकाळच्या चहाबरोबर कोणाच्या तरी तर्काला ठिगळ लावणे, नाही तर त्याची शिवण उसवणे, हाच त्यांच्या दिवसाचा कणा झाला होता. तो मोडला तर उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते.

पहिल्या वेळी त्यांनी साधार सिद्ध केले होते, की अश्मपुरातले तरंगते दिवे कार्बाइड आणि पाणी यांवर चालत असणार. पुढच्या खंडात ते दिवे मेलेल्या काजव्यांच्या आठवणींवर जळणारे निघाले. दुसऱ्या वेळी, अश्मपुरातल्या सगळ्या पुतळ्यांना चारच बोटे आहेत, तेव्हा ओरवीतले आकडे आठाच्या पटीत चालत असणार, असे त्यांनी मांडले. पुढे कळले, की पुतळ्यांचे अंगठे एका लढाईत जिंकणाऱ्यांनी फोडून नेले होते.

आता पाचवा खंड सोमवारी येणार होता आणि प्रश्न एकच होता. चौथ्या खंडाच्या अखेरीस नायिका खडकातल्या बंद दारापाशी पोहोचते. दारावर ओरवी भाषेतले एक वाक्य कोरलेले आहे. ते मध्ये कोठेही न तुटता म्हटले गेले, तरच दार उघडणार. वाक्य छापील दीड पानाचे. त्यात ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. नायिका निम्म्यावर धाप लागून कोसळते आणि खंड संपतो.

कट्ट्यावर तर्कांचे पीक आले होते. सांगलीचे एक गृहस्थ म्हणत, की विरामचिन्हे छापखान्यात गळली. नाशिकच्या एका प्राध्यापिकेच्या मते ओरवी मनातल्या मनात बोलायची भाषा होती. हेमंत सर मात्र गप्प होते. त्यांच्या डोक्यात तारपा घुमत होता.

दिवाळीनंतर जव्हारच्या मैदानावर त्यांनी एक तारपाकरी पाहिला होता. दुधी भोपळ्याचे ते लांबलचक वाद्य तो पाऊण तास फुंकत राहिला आणि सूर एकदाही तुटला नाही. गालात हवा साठवून तो नाकाने श्वास घेत असावा, असा सरांचा कयास होता. असे असेल तर ओरवी ही बोलण्याची भाषा नव्हतीच. ती फुंकण्याची भाषा होती. कल्पना सुबक होती. पण दोनदा पोळलेल्या माणसाला ती तपासून हवी होती. त्यांनी पुष्पाला फोन लावला. पुष्पा मोखाड्याला पंचायत समितीत लिपिक होती, कट्ट्यावरची जुनी वाचक होती, आणि वांगणीचा तारपाकरी सुकऱ्या हा तिचा बाप होता.

"सर, येताय तर या," पुष्पा म्हणाली. "पण सध्या भाताची आवणी चालू आहे. आई तुम्हांला बांधावर नुसतं उभं राहू देईल याची हमी नाही."

शनिवारी दोघे जव्हारच्या नाक्यावर भेटून जीपने वांगणीला गेले. पावसाने थोडी उसंत दिली होती. सुकऱ्या ओट्यावर बसून नांगराची दोरी वळत होता. सरांनी दाराचे कोडे सविस्तर समजावून सांगितले आणि तारपा वाजवून दाखवण्याची विनंती केली. सुकऱ्याने वर पाहिले. तारपा आढ्याला टांगलेला होता.

"तो आता खाली नाय यायचा, मास्तर."

"पाच मिनिटंसुद्धा नाही?"

"नवा भात खाल्ल्याबिगर तारपा फुंकत नाय आम्ही. रोप आत्ता कुठं चिखलात चाललंय. आताच वाजवला तर देवाला काय सांगू, मास्तरची पोथी अडली होती म्हणून?"

"बा, पोथी नाय, कादंबरी," पुष्पा म्हणाली.

"तीच ती."

सरांनी आग्रह धरला नाही. त्यांचा पडलेला चेहरा पाहून सुकऱ्याच उठला. परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ त्याने तोडून आणला, पेलाभर पाणी घेतले आणि देठाचे टोक पाण्यात बुडवून फुंकू लागला. पाण्यात बुडबुडे उठले, आणि उठतच राहिले. सुकऱ्याचे गाल फुगत होते, नाकपुड्या हलत होत्या, बुडबुड्यांची माळ मात्र कोठेही खंडली नाही. पोरांना तारपा शिकवताना आधी हेच करायला लावतात, असे पुष्पाने हळूच सांगितले.

"हेच!" हेमंत सर जवळजवळ ओरडलेच. "माझा कयास बरोबर होता."

सुकऱ्याने देठ काढून त्यांच्या हाती दिला. "आता ह्यो तोंडात धरा नि सोताचं नाव घ्या."

सरांनी देठ ओठांत धरला आणि नाव उच्चारायचा प्रयत्न केला. पेल्यातले पाणी त्यांच्या चष्म्यावर उडाले. पुष्पा हसू लागली, सुकऱ्याही हसला.

"फुंकताना सूर निघतो मास्तर, शब्द नाय. त्या दारावर शब्दच लिवलेत ना?"

दारावर शब्दच होते. नायिकेने ते वाचले होते, अडखळत का होईना उच्चारले होते. सरांनी चष्मा पुसला आणि महिनाभर जपलेला अंदाज मनातल्या मनात मोडीत काढला. रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर अंदाज घेणे बंद होणार होते.

"ए पुष्पे!" खालच्या खाचरातून हाक आली. ती पुष्पाच्या आईची, गोजाबाईची होती. "हापिसातनं आलीस तर हात धुऊन नको बसू. रोपांच्या मुठी सुकतात इथं!"

पुष्पा साडी खोचून चिखलात उतरली. सर छत्री घेऊन बांधावर उभे राहिले. बायका दोन ओळींत वाकून रोपे लावत मागे सरकत होत्या आणि लावता लावता गात होत्या. सरांनी आवणीची गाणी पूर्वीही जाता येता ऐकली होती. पण लक्ष देऊन ऐकली नव्हती. आज दुसरे काही हाती नसल्यामुळे ते ऐकत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी छत्री मिटली.

गाणे थांबतच नव्हते. गोजाबाईची ओळ कडव्याच्या शेवटाला येई, आणि तिचा शेवटचा शब्द हवेत असतानाच पलीकडच्या ओळीतली पोशी नावाची बाई तोच शब्द धरून पुढे निघे. तोवर अलीकडच्या ओळीतल्या बायका श्वास घेत, चिखल झटकत, एकमेकींना टोमणेही मारत. बाई थकत होती. गाणे थकत नव्हते. वाक्य तुटता कामा नये, एवढीच दाराची अट होती. ते एकाच माणसाने म्हणावे, असे चौथ्या खंडात कोठेही लिहिलेले नव्हते. ते सगळ्या कट्ट्याने आपल्या पदरचे घातले होते. आणि सर तर एकच दमदार छाती शोधत थेट वांगणीपर्यंत आले होते.

"गोजाबाई," ते बांधावरून म्हणाले, "माझं एक वाक्य म्हणाल का, असंच?"

"कुणाच्या बोलीतलं?"

"कुणाच्याच नाही. एका बाईनं बसून बनवलीय ती बोली."

"बनवली?" पोशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरात बोलायला कुणी नव्हतं का तिला?"

खाचरात हशा पिकला. पण आवणीला नवे गाणे कोणाला नको असते? पुष्पा पाठ असलेल्या वाक्याचे तुकडे सांगत गेली, 'नेरू थाला वोमी साय, वोमी साय दरेन कोर', आणि बायकांनी ते आपल्या चालीत बसवले. पहिल्या खेपेस रुपी नावाची तरुण सून 'दरेन कोर'ला फिसकन हसली आणि वाक्य तुटले.

"गेलं दार," गोजाबाई म्हणाली. "रुपे, तुझ्यापायी आख्खा गाव भाईर राह्यला!"

दुसऱ्या खेपेस वाक्य एका ओळीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत असे वाहत शेवटापर्यंत गेले. सरांच्या अंगावर काटा आला. त्याच वेळी त्यांच्या डोक्यातले यंत्रही सुरू झाले. दारामागे भला मोठा चामडी भाता असणार, आणि तो गळका असणार. आवाजाने तो भरतो, शांततेत रिता होतो. खंड पडला की भरलेले वाया. एकट्याचा श्वास गळती भरून काढायलाही पुरणार नाही. अनेकांचा मात्र भाता फुगवील आणि कडी उचलील. हिशेब चोख बसत होता.

रेंज मिळावी म्हणून दोघे टेकाडावर चढले. सरांनी मजकूर लिहून पुष्पाला दाखवला.

"सर, भाता गाळा," ती म्हणाली. "दार अनेकांच्या आवाजानं उघडेल, एवढंच लिहा. जितकं कमी लिहाल तितकं कमी चुकेल. तुमची ही शेवटची संधी आहे."

"कारण न देता सांगितलेला अंदाज म्हणजे लॉटरी, पुष्पा. लागली तरी आपण काही ओळखलं असं होत नाही."

"मग कट्ट्यावर मी कोणाशी भांडू?"

सरांनी भात्यासकट सगळे पाठवून दिले. सांगलीकरांनी लगेच विचारले, 'सरांच्या भात्यात हवा किती?'

सोमवारी पुस्तकांचे पार्सल आले आणि दोन प्रती आगारातल्या नियंत्रण कक्षात मुकेशच्या टेबलावर उघडल्या गेल्या. गाड्यांच्या घोषणा करता करता मुकेश वाचत होता. "नाशिक गाडी फलाट दोनवर… सर! सर, उघडलं!" हे शेवटचे दोन शब्द ध्वनिक्षेपकावरून सगळ्या बसस्थानकाने ऐकले.

दार उघडले होते. नायिका कोसळल्यावर मागून आलेल्या पाथरवटांच्या बायकांनी तिच्या ओठांवरचा शब्द उचलला, त्यांच्याकडून तो इतरांनी घेतला, आणि वाक्य अखंड पार पडले. कट्ट्यावर अभिनंदनाचा पूर आला. सांगलीकरांनी चक्क हात जोडले.

हेमंत सर मात्र दोन पाने पुढे गेले होते. त्यांनी ओळीवर बोट ठेवले. "इथं वाच. दारामागे सपाट खडक होता. यंत्र नव्हतं, कळ नव्हती. माणसं एकमेकांसाठी थांबतात का, हे ते दार ऐकत होतं. भाता नाही, मुकेश."

"असू द्या ना! दार उघडलं की नाही?"

"उघडलं. माझ्या कारणानं नाही."

"कोण बघतंय, सर?"

"मी."

मुकेशने टोपी काढून टेबलावर ठेवली. "दिवे गेले, पुतळे गेले, आता हे तरी घ्या. नियम मी केलाय, मी म्हणतो तुम्ही जिंकलात."

"विद्यार्थ्यानं कुलूप उघडलं, पण किल्लीऐवजी पहार वापरली, तर मी त्याला गुण देत नसे. तिसरा चुकला, असं लिही."

मुकेशने नाइलाजाने तसे लिहिले. त्या संध्याकाळपासून कट्ट्यावर पाचव्या खंडाचे युद्ध पेटले आणि सर ते बाहेरून वाचत राहिले. चुकीचे तर्क डोळ्यांसमोरून जात. बोटे उठत आणि परत मांडीवर येत.

आठवडा संपता संपता पुष्पाचा फोन आला. "सर, आई विचारते, त्या दाराचं काय झालं? मी सांगितलं तर म्हणते, तुला नीट सांगता येत नाही, मास्तरला पुस्तक घेऊन यायला सांग."

सर गेले. आवणी उरकत आली होती. दुपारची भाकरी खाऊन बायका सुकऱ्याच्या ओट्यावर टेकल्या होत्या. सरांनी वाचायला सुरुवात केली आणि अर्धे पानही सलग वाचता आले नाही.

"ती पोरगी मेलीये," पोशीने निक्षून सांगितले. "मेल्यावर दिसतंय तिला हे."

"मेली तर भूक कशी लागली?" रुपीने विचारले. "मघाशी भाकर मागत होती ना?"

"मास्तर, तुमी सांगा."

"माझे तीन चुकलेत," सर म्हणाले. "मला आता सांगायची परवानगी नाही."

"कुणी काढला असला नियम?" गोजाबाई म्हणाली. "आमी चुका मोजत बसलो तर बोलायचं कधी? वाचा पुढं."

सरांनी दार उघडल्याचा प्रसंग वाचला, मग सपाट खडकाचा. गोजाबाईने हात वर केला.

"थांबा. मागं काय नव्हतं तर वारा कुठला?"

"कसला वारा?"

"दार उघडायच्या आधी तिचा पदर हालला, असं वाचलंत तुमी आत्ताच."

सरांनी पुढचे पान न उलटता मागचे उलटले. पदर हलला होता. त्यांनीच ते वाचले होते आणि मुकेशच्या टेबलापाशी घाईत ओलांडले होते. वारा दारातून बाहेर येत होता, की बाहेरून आत ओढला जात होता, हे मात्र त्या ओळीत नव्हते.

"आतून असेल तर भाता असू शकतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बाहेरून असेल, तर मग ते वेगळंच काही तरी आहे."

"पदर कुठल्या बाजूला गेला?" पोशीने सरकत विचारले.

"ते आधीच्या प्रकरणात असेल. ती कशी उभी होती, त्यावर ठरेल."

"मंग वाचा की तिथनं," गोजाबाई म्हणाली, आणि रुपीने पाण्याचा तांब्या सरांच्या जवळ सरकवला.