सव्वीस नंबरचा पत्ता

आप्पांनी तीस वर्षं टपाल वाटलं आणि एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, असं ते स्वतःच सांगत. खरंखोटं ती पत्रं जाणोत. पण या अधिकारावर सुनेच्या इंग्रजीची जबाबदारी त्यांनी न मागता अंगावर घेतली होती.

सून एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि दर मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर फुकटच्या इंग्रजी वर्गाला जायची. तिच्यासारखेच परमुलखातून आलेले चौदाजण तिथे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत. शिकवायला बसचा एक निवृत्त ड्रायव्हर होता. पगार नाही, मानपान नाही, तरी पठ्ठ्या एक मंगळवार चुकवत नसे. घरात त्याचं नाव ड्रायव्हर मास्तर पडलं होतं.

एकदा मास्तरने रुग्णवाहिका कशी बोलवायची ते शिकवलं. फोनवर म्हणायची सहा वाक्यं प्रत्येकाला कागदावर लिहून दिली. खोटा पत्ता कशाला, म्हणून त्याने त्यात स्वतःचाच घातला: सव्वीस नंबर, गिरणीमागची गल्ली. पुढे ‘मुलाला ताप आहे’ असं वाक्य होतं. सुनेने हात वर करून ते आपल्यापुरतं बदलून घेतलं: ‘माझ्या सासऱ्यांना श्वास घेता येत नाही.’ आप्पांना दमा होता. नवरा शीतगृहात कामाला, तिथे मोबाईल कपाटात ठेवून आत जावं लागे. कधीतरी आपण एकटीच असताना आप्पांचा श्वास अडकेल, ही भीती मनात घेऊनच ती रोज कामावरून घरी यायची. पुढच्या मंगळवारी ज्याने त्याने आपापला पत्ता घालून सराव करायचा होता, पण नेमकी तिची कामाची पाळी बदलली आणि वर्ग बुडला.

आप्पांनी मात्र कागद सोडला नाही. रोज चहा झाला की चष्मा लावून बसायचे. “हं, म्हण.” इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता येई, अर्थाशी देणंघेणं नव्हतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की टेबलावर बोटाने टक्, आणि पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आलं तर एवढंच, “हं. पुढे.”

“आप्पा, हा पत्ता आपला नाही. आपला नऊ नंबर, टाकीजवळची गल्ली,” ती एकदा म्हणाली.

“पाकिटावरचा पत्ता टपालवाल्याने बदलायचा नसतो. लिहिलाय तोच म्हण. आपला कुठे पळून जातोय?”

पंधरा दिवसांत तिला ते पाढ्यासारखं पाठ झालं. झोपेतून उठवलं तरी म्हणाली असती.

रविवारी दुपारी ती कपडे वाळत घालत असताना आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. आप्पा जमिनीवर बसले होते, पलंगाला टेकून. ओठ निळसर पडले होते. तिने दम्याचा पंप त्यांच्या तोंडाला लावला, एकदा, दोनदा. छाती नुसतीच ओढली जात होती, आत काही जात नव्हतं.

तिने फोन लावला. पलीकडून आवाज आला आणि तिच्या तोंडून सहाही वाक्यं धडाधडा बाहेर पडली, कुठेही न अडखळता. शेवटचं वाक्य ‘थँक यू’ होतं. ते म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा. फोन लगेच वाजला. बाई भरभर काहीतरी विचारत होती, त्यातला ‘पत्ता’ तेवढा तिला कळला. तिने पुन्हा सगळं म्हटलं. बाई म्हणाली, निघालेत.

“आले हं आप्पा, आलेच.” आप्पांनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

भोंगा ऐकू आला. जवळ आला, कोपऱ्यावर आला, आणि सरळ पुढे निघून गेला. लांब कुठेतरी थांबला. गिरणीच्या बाजूला.

सव्वीस नंबर! तिने सव्वीस नंबर सांगितला होता, तोही दोनदा.

तिने पुन्हा फोन लावला. नुसतं ‘नऊ’ म्हणायचं होतं, पण पाढा काही मधूनच सुरू होत नाही. पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं आणि त्यामागून सव्वीसच आलं. “नाही! नाही!” ती मराठीत ओरडली. “नऊ! टाकीजवळची गल्ली!” पलीकडच्या बाईला काय कप्पाळ कळणार? धावत जावं तर दहा मिनिटं, आणि मनगटावरची पकड सैल होत चालली होती. आपण माणूस मारला, नवऱ्याला काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात भोंगा परत सुरू झाला. या वेळी तो दारापाशीच थांबला. आधी दोन रुग्णवाहिकावाले आत घुसले आणि त्यांच्यामागून घरातल्या चपला घातलेला ड्रायव्हर मास्तर. आपल्या दारात उभी राहून माणसं कुणाच्या तरी सासऱ्याला शोधताहेत, हे ऐकताच तो काय ते समजला होता. ते वाक्य चौदाजणांत एकीनेच मागून घेतलं होतं. हजेरीच्या वहीत तिचा पत्ता होता, आणि गल्ल्या त्याला चाळीस वर्षांच्या पाठ.

आप्पांना मास्क लावला, स्ट्रेचरवर घेतलं. गाडीत एकाने कागद पुढे ओढला आणि सुनेला पत्ता विचारला. तिने मास्तरकडे पाहिलं. पुन्हा सव्वीस आलं तर? मास्तर सांगायला पुढे झाला, पण तेवढ्यात स्ट्रेचरच्या दांडीवर आप्पांचं बोट वाजलं. टक्. पहिल्यापासून.

तिने उघड्या दारातून आपल्या घराकडे पाहिलं आणि एकेक शब्द उचलून ठेवत इंग्रजीत म्हणाली, “नऊ नंबर. पाण्याच्या टाकीजवळची गल्ली.”

ती त्या बोटाकडे बघत राहिली. बोट हललं नाही.

मग मास्कच्या आतून, श्वासाला जेमतेम जागा करून, आवाज आला, “हं. पुढे.”