खंडेनवमीची कातर

मी एक जुनी कातर आहे, मित्रांनो. कापडाची नाजूक कात्री नव्हे. मेंढरांची लोकर कातरणारी, हातभर लांब. माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

शिरूरच्या एका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं. राहू गावच्या ज्योतिबा धनगराने विकत घेतलं आणि वीस वर्षं राबवलं. त्याचा हात चांगला होता, पण त्याच्या पोराचा, हनुमंताचा, त्याहून सरस. हनुमंत मेंढरू दोन पायांत धरायचा आणि मी कातडीलगत अशी सरकायचे, की मेंढरू रवंथसुद्धा थांबवायचं नाही. "हा हात देवानं दिलाय, म्या न्हाई शिकवला," असं ज्योतिबा चारचौघांत सांगायचा. मलाही गर्व वाटायचा.

शहाण्णव साली ज्योतिबा गेला. हनुमंताने मेंढरं विकली, ऊस लावला, इस्त्रीचा शर्ट घातला. लोकर कातरणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं. कारखान्यात चिकटायचं म्हणून तो रोज यवतला हायवेच्या हॉटेलात जाऊन बसायचा आणि कुणी साहेब ओळख देतो का, याची वाट बघायचा. अशी दोन वर्षं गेली. अंगात कला आणि बुडाखाली बाकडं, दुसरं काय. मी खुंटीवर गंजत होते.

शेजारच्या रतनबाईला नवरा नव्हता, मूल नव्हतं. होती ती एक मेंढी, तीही गाभण. तिच्या लोकरीचं सूत कातून बाई पोट भरायची. त्या पावसाळ्यात तिने हनुमंताच्या दारी किती खेटे घातले, मी मोजलेसुद्धा नाहीत.

"लोकर लई वाढलीया रं, भिजून कुजाया लागलीया."

"उद्या येतो, मावशे."

त्याचा उद्या काही उजाडला नाही. गावात दुसरा कातरणारा उरला नव्हता, आणि आमच्यात बाई कातर धरत नाही. बाईने सूत कातायचं, एवढंच.

खंडेनवमी आली. हनुमंताने मला राखेने लखलखीत घासलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. वर्षभर ढुंकून न बघणारा माणूस मला हात जोडत होता. मला त्याची किळस आली. तेवढ्यात रतनबाई धापा टाकत दारात आली.

"हनुमंता, मेंढीच्या पाठीत किडं पडल्यात. लोकर काढ, म्हंजी औषध तरी घालता यील."

"आज खंडेनवमी हाय, मावशे. हत्यार पूजेत बसलंय, आज उचलत न्हाईत. उद्या दसऱ्याला येतो."

"तवर ती ऱ्हाती व्हय रं?"

"मग देवाचं मोडू का मी?"

एवढं बोलून त्याने चपला घातल्या आणि यवतची एसटी धरली. मी पाटावर तशीच पडून होते. रतनबाईने माझ्याकडे हात नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि मागे घेतला. मला पाय असते तर तिच्यामागे गेले असते.

दसऱ्याला हनुमंत मला घेऊन निघाला. खिशात आपट्याची पानंही होती. मेंढी कुंपणाशी आडवी झाली होती. पोटातलं कोकरूही तिच्याबरोबरच गेलं होतं. रतनबाई रडली नाही.

"आलास न्हवं, मग कातर," ती म्हणाली. "आता तिला घाई न्हाई."

तो खाली बसला. हात तोच होता. कुठे एक चरा पडला नाही, सगळी लोकर एका तुकड्यात निघाली. लोकरीखाली किडे अजून वळवळत होते. कुंपणापलीकडून एक जण म्हणाला, "काय हात हाय गड्याचा."

मित्रांनो, मला हळदकुंकू नको, फूल नको. तुमच्या हाताला देवाने काही दिलं असेल, तर ज्याचं अडलंय त्याच्याकडे आजच जा. उद्या गेलात तरी तुमचा हात छानच चालेल.