तीर्थाची वाटी

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. दिवाळी नुकतीच सरली होती. सौंसरच्या घरात, देवापुढे पाठमोरी बसलेल्या प्रेमलतानं काचेच्या मण्यासारखी पिवळी गोळी चिमटीत धरली आणि गोधडीच्या सुईनं टोचली. गोळीतलं तेल पितळी वाटीतल्या तीर्थावर पडलं. पडलं, पण मिसळलं नाही; वरच तरंगत राहिलं. तिनं घाईघाईनं संत्र्याचं साल वाटीवर मुरगळलं, बोटं पदराला पुसली आणि दाराकडे पाहिलं.

अंगणात तिची सासू अंबाबाई तुळशीला पाणी घालत होती. या घरात तीन पिढ्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासोळी-मटणाचं नाव निघत नसे. बाजारात मासोळीवालीचा धक्का लागला तरी अंबाबाई घरी येऊन आधी डोक्यावरून पाणी घेई.

आणि गोळीतलं तेल माशाचं होतं.

पोळा होऊन गेल्यावर प्रेमलताच्या नऊ वर्षांच्या लेकीला, इंदूला, ताप चढला, झटके आले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला सूज आहे. ताप उतरला, झटके थांबले, पण पोरगी परत आली नाही. डोळे उघडे असत, पण ते कोणावर ठरत नसत. बोलणं गेलं होतं. घरी सोडताना नवरा, शालिकराम, औषधं आणायला खाली गेलेला, तेव्हा डॉक्टर प्रेमलताला म्हणाले होते,

"मुख्य औषध चुकवायचं नाही. आणि ह्या माशाच्या तेलाच्या गोळ्या. सूज उतरायला मदत होते असं काही लोक म्हणतात. मी खात्री देणार नाही. पण पोरीच्या अंगात काही उरलेलं नाही, द्या."

प्रेमलतानं गोळ्यांचा डबा लुगड्याच्या घडीत घालून आणला आणि उडदाच्या डाळीत पुरून ठेवला. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आईला विचारल्याशिवाय राहिला नसता.

पण इंदू गोळी गिळेना. तेल चमच्यानं दिलं तर थुंकून टाकी. मुख्य औषधच कसंबसं पोटात जाई. एकच गोष्ट ती तोंड उघडून घेई, आजीच्या हातचं तीर्थ. शालिकराम दर शनिवारी सायकलनं जामसांवलीला जाऊन मारुतीचं तीर्थ बाटलीत आणी. अंबाबाई रोज सकाळी वाटी इंदूच्या ओठांना लावी, अन् एरवी दात आवळून पडलेली पोर घोट घेई. म्हणून प्रेमलतानं ती वाट धरली.

पहिल्या दिवशी इंदूनं अर्धी वाटी घेतली आणि तोंड फिरवलं. अंबाबाईनं उरलेलं तीर्थ स्वतः पिऊन टाकलं.

प्रेमलताच्या हातातलं पोळपाट निसटलं. तीर्थ सांडायचं नाही, फेकायचं नाही. उरलं तर देणाऱ्यानं प्यायचं, ही रीत तिलाही लहानपणापासून ठाऊक होती. नेमकी तीच तिच्या ध्यानात राहिली नव्हती.

"काय झालं वो?" अंबाबाईनं ओठ पुसत विचारलं.

"काही नाही, आत्याबाई. हात ओला होता."

त्या दिवशी ती जेवली नाही. सासूचं सारं आयुष्य तिनं बाटवलं होतं. सांगावं तर गोळ्या उकिरड्यावर जातील. न सांगावं तर रोज सकाळी हेच. दुसऱ्या दिवशी सुई हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मग पोरीच्या त्या कुठेच न पाहणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि गोळी टोचली.

थोड्याच दिवसांनी शेजारची देवकाबाई पोरीला पाहायला आली. ती आली की घरातलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

"काहून वो अंबाबाई, गळा मोकळा दिसून राहिला?"

"तुटली माळ. विहिरीवर पाणी काढता काढता."

"बाई बाई! इतक्या वर्षांची माळ! शालिकराम, आणून दे ना रे दुसरी."

"म्या तर म्हटलं मायला," शालिकराम म्हणाला. "ऐकते कुठं?"

"आणू सवडीनं. पोरगी उठून बसू दे आधी."

प्रेमलतानं मान खाली घातली. तिला वाटलं, देवानंच ती माळ तोडली.

देवकाबाई इंदूवर वाकली. "पण काही म्हणा, मारुतीच्या तीर्थात दम आहे. पाहा, ओठ कसे चमकून राहिले पोट्टीचे!"

प्रेमलता कणीक तिंबत होती. ती तशीच तिंबत राहिली. अंबाबाईनं पदराचं टोक घेतलं आणि नातीचे ओठ हळूच कोरडे केले.

"थंडीचे दिवस आहेत," ती म्हणाली. "लोणी लावलं म्या."

लोणी लावलेलं प्रेमलतानं पाहिलं नव्हतं.

कार्तिक संपत आला. बागेत संत्री उतरवणं सुरू झालं. एका सकाळी शालिकराम टोपल्या घ्यायला आत आला तेव्हा अंबाबाई नातीला मांडीवर घेऊन वाटी लावत होती. इंदूनं घोट घेतला, नाक मुरडलं, आणि आजीच्या तोंडाकडे नीट, ओळखून पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "वास येते."

शालिकरामच्या हातातली टोपली खाली आली. तो धावत येऊन पोरीपाशी बसला. "बोलली! माय, बोलली वो ही! काय म्हणाली? कशाचा वास येते, बेटा?"

त्यानं वाटीकडे हात केला. प्रेमलता चुलीपासून उठली.

अंबाबाईनं वाटी स्वतःच्या तोंडाला लावली आणि तळापर्यंत रिकामी केली.

"संत्र्याचा," ती म्हणाली. "सकाळपासून तुया बागेचा वास सुटला आहे घरभर. जाय, त्या टोपल्या पोचव. अन् देवापुढं नारळ फोड."

तो डोळे पुसत गेला. अंबाबाई भिंतीला धरून उठली आणि रिकामी वाटी सुनेच्या हातात दिली.

"मी दोन दिवस सावरगावला लेकीकडे जाऊन येते म्हणते. तीर्थ तू दे. पोरगी घेईल आता तुया हातचं." दाराशी ती थांबली. मागं न पाहता म्हणाली, "बोटानं हलवून देत जाय. वर राहते ते."

इंदूला पुरतं बरं व्हायला वर्ष गेलं. डावा हात जरा अधू राहिला. प्रेमलतानं नागपूरला डॉक्टरांना विचारलं होतं. औषधानं, तेलानं की आपसूक, ते सांगू शकले नाहीत. देवकाबाई मात्र मरेपर्यंत तीर्थाचीच गोष्ट सांगत राहिली. इंदू पुढे पांढुर्ण्याला दिली. तिथं ती अंगणवाडीत लागली, आता तिलाही नातू आहे. शालिकरामनं जामसांवलीचा शनिवार शेवटपर्यंत चुकवला नाही. गोळ्यांचं त्याला कधीच कळलं नाही. प्रेमलता आता अंबाबाईच्याच जागी भिंतीला टेकून बसते.

अंबाबाई इंदूचं लग्न व्हायच्या दोन वर्षं अगोदर गेली. दुसरी माळ तिनं घेतली नव्हती. तिला न्हाऊ घालायच्या वेळी प्रेमलता तिच्या पेटीतून नवं लुगडं काढायला गेली, तेव्हा तळाशी पांढऱ्या फडक्यात माळ सापडली. मणी सगळे होते. दोरा जुनाच होता. गाठही जुनीच.

प्रेमलतानं ती सासूच्या गळ्यात घातली.

"ही तर तुटली होती ना?" शालिकरामनं विचारलं.

"ओवून घेतली म्या," ती म्हणाली, आणि माळेची गाठ मानेखाली सरकवली.